आडोसा

१

रविवारी सकाळी आठ वाजता आन्येसच्या कॅफेसमोर जमायचं, हा आमचा त्रेपन्न वर्षांचा शिरस्ता. एकोणीसशे छप्पन साली याच कॅफेत, तेव्हा तिथे आन्येसच्या आईचं राज्य होतं, आम्ही बारा जणांनी सायकलींचा क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'पाकोळ्या'. पाकोळीसारखा उडणारा आमच्यात एकही नव्हता. नॉर्बर्त तर शंभर किलोचा खाटीक होता. पण नाव चिकटलं ते चिकटलं. हिरव्या-पांढऱ्या लोकरीच्या जर्सी आमच्या आयांनी विणल्या. पावसात भिजल्या की त्या गुडघ्यापर्यंत लोंबायच्या आणि आम्हाला ओल्या मेंढरांचा वास यायचा. त्या वासाची मला आज जेवढी आठवण येते तेवढी माझ्या लग्नाच्या दिवसाचीही येत नाही. बायको हयात असती तर हे वाक्य मी लिहिलं नसतं.

आमच्या फ्लँडर्सच्या या कोपऱ्यात डोंगर नाहीत. वारा आहे. समुद्रावरून निघतो आणि बीट-बटाट्याच्या शेतांवरून थेट आमच्या छातीवर येतो. त्यामुळे इथल्या सायकलवाल्याला एकच विद्या लागते, ती म्हणजे दुसऱ्याच्या मागे कसं बसायचं. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून आपलं चाक धरलं की त्याच्या पाठीचा आडोसा मिळतो आणि मेहनत जवळजवळ निम्मी होते. पुढचा बिचारा सगळा वारा खातो. म्हणून आळीपाळी. जो नुसता आडोशाला बसून राहतो आणि पुढे जायची वेळ आली की बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करतो, त्याला आम्ही गोचीड म्हणायचो. एकदा माणूस गोचीड ठरला की ती बातमी दुपारपर्यंत चर्चच्या दारात पोहोचायची.

आमची आळीपाळीची रीतही आमचीच होती. इतर क्लबांत पुढचा दमला की बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. पाकोळ्यांत शेवटचा माणूस डावीकडून बाहेर पडायचा आणि सगळ्यांना ओलांडत पुढे जायचा. जाताना प्रत्येकाचं नाव घ्यायचं. नाव कानावर पडलं की माणूस आपली रेघ सोडत नाही, डावीकडे झुकत नाही. एकसष्ट साली पाच जण एकमेकांत गुंतून कालव्यात गेले, तेव्हापासूनचा हा नियम. दुसरा नियम असा की एकदा ओळ सोडली की मध्येच घुसायचं नाही. सगळ्यांना ओलांडायचं, पुढे जायचं आणि आपल्या वाटणीचा वारा घ्यायचा.

२

दोन हजार नऊ सालापर्यंत त्या बारांतले दहा चर्चच्या मागच्या दफनभूमीत गेले होते. उरलो होतो आम्ही दोघं, मी आणि ओदील.

मी विल्फ्रीद. आयुष्यभर विजेचे खांब उभे केले. ओदील वीटभट्टीवर होता, आणि पाकोळ्यांमध्ये सगळ्यांत दांडगा होता. वाऱ्यात तो पुढे असला की बाकीचे मागे गप्पा मारायचे. त्याने माझी बहीण गोदलीव पळवली असं मी सगळ्यांना सांगायचो. गोदलीव सांगायची, की तिनेच त्याला पळवलं आणि तोही फारसा धावला नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ओदीलची छाती उघडून हृदयाच्या नळ्या बदलाव्या लागल्या. सायकल चालवा, पण जोर लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर एका संध्याकाळी गोदलीव माझ्या स्वयंपाकघरात आली आणि अंगातला कोट न काढताच बसली.

"घरात कोंडलं तर तो कुढून मरेल," ती म्हणाली. "आणि सोडलं तर कुठेतरी रस्त्यात."

"मग काय करायचं?"

"तू पुढे राहायचं. जाताना, येताना, सगळा वेळ. त्याला वारा लागू द्यायचा नाही."

"अगं, ओदील माझ्या मागे बसेल का? त्याला मी ओळखतो."

"बसेल. मी बसवते. तू फक्त मला शब्द दे."

मी शब्द दिला. माझी बहीण कधी कुणाकडे काही मागत नाही. आई गेल्यावर घर तिनेच सांभाळलं, माझे शर्टही तिनेच धुतले. तिने आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

ओदील माझ्या मागे बसला. पहिल्या दिवशी तो तासभर बोलला नाही. मग म्हणाला, "त्रेपन्न वर्षं सायकल चालवली आणि शेवटी गोचीड झालो."

"गोचीड तरी नीट हो," मी म्हणालो. "किती बडबडतोस."

३

आमच्या वाटेवर एक सरळ रस्ता लागतो. तीन किलोमीटर. वळण नाही, झाड नाही, घर नाही. काँक्रीटच्या लाद्यांचा रस्ता, दर सांध्यावर चाक टक करतं. कडेला साठ खांब आहेत. सदुसष्ट साली ते माझ्याच टोळीने उभे केले. पहिल्या महायुद्धाची आघाडी याच शेतांत होती, त्यामुळे साठ खड्डे खणले आणि एकही रिकामा निघाला नाही. तोफेचे गोळे निघायचे, बकलं निघायची, बूट निघायचे, आणि काही बुटांमध्ये पाय असायचे. मग काम थांबायचं. पोलीस यायचा. नंतर इंग्रजांचा किंवा जर्मनांचा माणूस यायचा, पेटी भरून न्यायचा, आणि आम्ही पुढच्या खांबाला लागायचो. आजही नांगराला गोळा लागला की शेतकरी तो उचलतो आणि जवळच्या खांबाच्या बुडाशी ठेवतो. सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. तोवर आम्ही त्याच्या शेजारून सायकली नेतो. लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीची भीती वाटत नाही.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार होता. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे या रस्त्यावर अगदी तोंडावर. मी हनुवटी हँडलला टेकवून पुढे, ओदील मागे. हँडलवरच्या मीटरवर ताशी तेराचा आकडा पाहून मला माझीच लाज वाटत होती.

बावीस नंबरच्या खांबापाशी वारा थांबला.

कमी झाला असं नाही. थांबला. इतका वेळ कानात घोंघावत असलेला आवाज गेला आणि मला माझा श्वास ऐकू यायला लागला. चाकाची टकटक ऐकू आली, मागे ओदीलच्या साखळीची खरखर ऐकू आली. वारा पडला, मी मनात म्हणालो. तेवढ्यात खंदकातल्या लव्हाळ्याकडे लक्ष गेलं. लव्हाळं आडवं झालं होतं. पलीकडच्या शेतातला प्लास्टिकचा कागद फडफडत होता. आणि माझी जर्सी अंगावर निवांत पडलेली होती.

ही शांतता मला चांगली माहीत होती. आयुष्यातल्या निम्म्या रविवारच्या सकाळी मी तिच्यात काढल्या आहेत. दुसऱ्या माणसाच्या पाठीमागे असते ती ही शांतता.

मीटर बावीसवर गेला. सव्वीसाव्या खांबापाशी वाऱ्याने पुन्हा थोबाडीत मारली. मी मान खाली घालून पायडल मारत राहिलो.

४

मी खांबांवर चढून जगलेला माणूस आहे. तारेत वीज असते किंवा नसते, तिसरं काही नसतं. बुधवारी वारा तसाच होता, म्हणून मी एकटा गेलो. साठच्या साठ खांब वारा खाल्ला. म्हटलं, झालं. रविवारी एखादी झुळूक फिरली असेल, शेताच्या उंचसखलपणाने वारा कधी कधी उचलला जातो, वगैरे. घरी येऊन सूप प्यायलो आणि बरं वाटलं.

पुढच्या रविवारी आडोसा अठराव्या खांबापासून पस्तीसाव्यापर्यंत होता.

या वेळी मी हुशारीने सगळं पाहायचं ठरवलं होतं. पाहिलं ते एवढंच, की माझी दोन बोटं ब्रेकवर होती. पुढे कुणी असलं, त्याच्या चाकाला आपलं चाक लागू नये म्हणून आपण जसा ब्रेक हळूच धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, तसा मी धरत होतो. समोर रिकामा रस्ता होता आणि मी वीतभर अंतर राखत होतो. मीटर सोळा दाखवत होता. त्याहून जोरात जायची ताकद होती, पण जावंसं वाटत नव्हतं. आणि वास येत होता. ओल्या लोकरीचा.

आता खरं सांगतो. मला भीती वाटायला हवी होती, आणि मला आनंद झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांतली कळ गेली. छप्पन सालचे रविवार आठवले. पावात घातलेलं सॉसेज खिशात ठेवून शंभर किलोमीटर मारायचे दिवस, हेक्तॉरची बेसूर शीळ, मॉरिसचं दर उतारावर देवाचं नाव घेणं. पस्तीसाव्या खांबाला वारा परत लागला तेव्हा माझी निराशा झाली.

रस्ता बदलायला हवा होता. दहा रस्ते होते. मी पुढचा अख्खा आठवडा रविवारची वाट पाहिली.

५

तिसऱ्या रविवारी आडोसा तेराव्या खांबाला सुरू झाला आणि चव्वेचाळीसाव्यापर्यंत टिकला. मीटर दहावर आला होता.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट करून पाहिली. ओळीत बसलेल्या सायकलस्वारांचा आडोसा माणसाच्या पाठीएवढा असतो, फूट-दीड फूट. जरा सरकलं की एक खांदा वाऱ्यात जातो. मी उजवीकडे गवतापर्यंत सरकलो. वारा नाही. मग डावीकडे, रस्त्याच्या मधोमध, आणि मधल्या रेघेच्याही पलीकडे. वारा नाही. पार डाव्या काठाची हात-दोन हात पट्टी सोडून सगळा रस्ता शांत होता. इतके रुंद आम्ही कधीच चाललो नाही. पाकोळ्या एकामागे एक जायच्या.

कॅफेत आन्येसने चीजचे चौकोनी तुकडे, मोहरी आणि दोन काळ्या बिअर आणून ठेवल्या. ती आत गेल्यावर ओदील म्हणाला, "विल्फ्रीद, तुला कोण ओढतंय?"

"मला कोण ओढणार?"

"तेच विचारतोय. चार महिने तुझ्या पाठीमागे बसलोय. तुझ्या आडोशाचं माप मला पाठ झालंय. तू काटकुळा, तुझ्या दोन्ही खांद्यांवरून वारा गळतो. त्या रस्त्यावर गळत नाही."

"तिथे वारा पडतो."

"लव्हाळं झोपतं आणि वारा पडतो? मला शिकवतोस?"

मी चीज खात राहिलो. ओदील पुढे वाकला. त्याचे डोळे कित्येक महिन्यांनी चमकत होते.

"आपली पोरं आहेत रे ती. नॉर्बर्तची पाठ मी विसरेन का? त्याच्या मागे बसून काडी पेटवता यायची."

"नॉर्बर्त इतका हळू चालवत नव्हता. आज दहाने जात होतो आपण."

"मेल्यावर माणूस थोडा हळू चालवणारच," ओदील म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. आन्येसने आतून विचारलं, काय झालं. ओदील म्हणाला, "तुझं चीज विल्फ्रीदपेक्षा म्हातारं आहे." ती म्हणाली, "बिल तुझ्यापेक्षा तरुण आहे, तेवढं देऊन जा."

मग तो गंभीर झाला. "तीन रविवार आपण त्यांच्या मागे फुकट बसलोय. एकदाही पुढे गेलो नाही. बरं दिसत नाही हे."

"तुला कुठेही पुढे जायचं नाहीये. गोदलीवला मी शब्द दिलाय."

"तू दिलास. मी नाही दिला." त्याने ग्लास सरकवला. "मी गोचीड म्हणून मरणार नाही, विल्फ्रीद. एवढं मला करू दे."

तेव्हा मी त्याला सांगायला हवं होतं. ओदील, तो आडोसा रस्त्याएवढा रुंद आहे, चार-चार जण शेजारी शेजारी चालताहेत, ती आपली पोरं नाहीत. पण सांगितलं असतं तर तो रस्ता बंद झाला असता. आणि मलाही ती आपली पोरं असायला हवी होती. मी बिल दिलं आणि गप्प बसलो.

६

चौथा रविवार एक नोव्हेंबरला आला. सगळ्या संतांचा सण, कबरींवर शेवंतीच्या कुंड्या न्यायचा दिवस. गोदलीवने अकरापर्यंत परत या म्हणून बजावलं होतं. कॅफेसमोर आम्ही दोघांनी नेहमीप्रमाणे मीटर शून्यावर आणले. आभाळ खाली आलं होतं, भुरभुर पाऊस होता, दहा-पंधरा खांबांच्या पलीकडचं दिसत नव्हतं.

नवव्या खांबाला वारा थांबला. मीटर नऊवर आला, मग आठवर, मग सातवर. इतक्या हळू सायकल सरळ ठेवणंच कठीण जातं. लोकरीचा वास होता, पण आज त्यात मातीचा वास होता, आणि तो मला ओळखीचा होता. सदुसष्ट सालच्या खड्ड्यांचा.

"विल्फ्रीद," ओदील मागून म्हणाला.

त्याने मला हाक मारली नव्हती. तो माझं नाव घेत होता. शेवटचा माणूस ओळ सोडताना पहिलं नाव त्याच्या पुढच्याचं घेतो.

"ओदील, नको."

तो माझ्या डाव्या बाजूने आला. रस्त्याच्या अगदी काठावरून, जिथे वारा होता. त्याच्या जर्सीची डावी बाही फडफडत होती आणि उजवी स्थिर होती. चेहरा लाल झाला होता, आणि इतका खूश होता, की माझ्या हातून त्याला अडवणं झालं नाही. हात लांब केला असता तर त्याचा खांदा हाती आला असता.

"मॉरिस," तो म्हणाला. थोडा पुढे गेला. "हेक्तॉर." मग "नॉर्बर्त," आणि नॉर्बर्तला ओलांडताना तो हसला. एकेक नाव सावकाश घेत तो पुढे जात होता, मान उजवीकडे वळवून, जसं आपण ओळखीच्या माणसाजवळून जाताना वळवतो. मी मोजत होतो. आठ. नऊ. दहा.

दहा झाले. आता तो उजवीकडे वळेल, पुढे जागा घेईल, मी मनात म्हणालो. घेऊ दे पाच खांबांपुरता वारा, मग मी जाऊन त्याला सोडवतो.

तो वळला नाही. त्याची मान उजवीकडेच होती. मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज मित्रांशी बोलायचा नव्हता.

"माफ करा. तुमचं नाव?"

थोडं थांबून तो म्हणाला, "टॉमस."

मग पुन्हा, "तुमचं? हं. आर्चिबॉल्ड." मग एर्न्स्ट. मग योहान्न. इंग्रजांची आणि जर्मनांची नावं, आमच्या गावात अशी कुणी ठेवत नाही. तो ती जपून उच्चारत होता, परक्या माणसाचं नाव चुकू नये म्हणून आपण उच्चारतो तशी. पायडल जोरात मारायला लागला होता. नावं भरभर यायला लागली, आणि एकामागे एक अशी ती राहिली नाहीत, चार-चार एकदम यायला लागली. नियम नियम होता. ओळ सोडली की मध्ये घुसायचं नाही.

पावसात पुसट होण्याआधी त्याने एकदा मागे पाहिलं. उजवीकडे काय होतं ते त्याने पाहिलं होतं, एवढं मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मग त्याने डावा हात पाठीमागे नेला आणि पंजा उघडून मला दाखवला. तिथेच राहा.

मी तिथेच राहिलो. माझ्यात दम होता, पाय ताजे होते. पण मी आडोशात होतो, आणि बाहेर पडायचं तर मला नावं घ्यावी लागली असती.

७

ताशी सात किलोमीटरच्या गतीने उरलेला रस्ता संपायला बराच वेळ लागतो. एकोणसाठाव्या खांबापाशी वारा परत आला. साठाव्या खांबाला टेकून ओदील बसला होता. सायकल गवतावर नीट आडवी ठेवलेली होती, साखळीची बाजू वर, आपण ठेवतो तशी. खांबाच्या बुडाशी दोन गंजलेले गोळे होते आणि त्यांच्या शेजारी तो. डोळे रस्त्याकडे होते. हात अजून ऊबदार होते, पण तेवढेच.

मी फोन केला. मग त्याच्या शेजारी ओल्या गवतात बसून राहिलो. काहीतरी करायचं म्हणून सायकल उचलून खांबाला लावली, तेव्हा त्याचा मीटर दिसला.

माझ्या मीटरवर चौदा किलोमीटर होते. दोघांची सुरुवात एकाच जागी, रस्ता एकच. ओदीलच्या मीटरवर एक्क्याऐंशी होते.

पावसाने मीटर बिघडतो. सायकल आडवी ठेवल्यावर चाक नुसतंच फिरत राहिलं असेल. मी ही कारणं तिथल्या तिथे शोधली आणि मला ती पटलीही. तरीही ॲम्ब्युलन्सचा आवाज आला तेव्हा मी बटण दाबून आकडा शून्यावर आणला. गोदलीवच्या नजरेला तो पडायला नको होता. एवढं अंतर ओलांडूनही त्याला पुढची जागा मिळाली की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वयही होतं. झोपेत यावं तसं आलं असेल, ते म्हणाले. मी मान हलवली.

८

गोदलीवच्या ओट्यावर शेवंतीच्या सहा कुंड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. ती रडली नाही. माझ्यासमोर बसली, माझे ओले हातमोजे काढून घेतले, आणि एकच प्रश्न विचारला.

"पुढे कोण होतं?"

"मी," मी म्हणालो.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकवलं. "म्हणजे त्याला वारा लागला नाही," ती म्हणाली. "तू शब्द पाळलास रे." तेव्हा मात्र ती रडली, आणि मी तिच्या केसांकडे पाहत बसलो. तिच्याशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो आहे.

अंत्यविधी झाल्यावरच्या रविवारी मी एकटा निघालो. त्या रस्त्यावर जायचं नाही असं ठरवून निघालो आणि त्याच रस्त्याला लागलो. आडोसा नव्हता. पहिल्या खांबापासून वारा तोंडावर होता. मी बाराव्या खांबापर्यंत आलो असेन, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तुमच्या चाकामागे कुणी बसलं असेल तर ते मागे न पाहता कळतं. पाठीमागचा वाऱ्याचा आवाज बदलतो, आणि सायकलला अगदी हलका रेटा लागतो. जो वारा खात आलाय त्याला ते अंगातूनच कळतं. माझ्या मागे कुणीतरी होतं. एकच जण नव्हता. तो रेटा रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत होता, आणि मागे किती लांब होता ते मी मोजायला गेलो नाही.

पाकोळ्यांच्या रीतीने शेवटच्याने पुढे येऊन मला सोडवायला हवं. दोन वर्षं झाली, कुणी आलेलं नाही. मी वळून पाहत नाही. आता तर ते त्या एका रस्त्यापुरतेही राहिले नाहीत. कॅफेच्या दारातून निघालो की सुरू होतात आणि दारापर्यंत येतात. हिवाळ्यात मला चक्कर आली. डॉक्टरांनी माझ्याही छातीला यंत्र लावून पाहिलं आणि सायकल विकून टाका म्हणाले.

गोदलीव दर शनिवारी सूप घेऊन येते आणि तेच सांगते. "पुरे झालं आता, विल्फ्रीद. कुणासाठी चालवतोस? घरी बस."

मी तिला म्हणतो, बसेन, पुढच्या आठवड्यापासून. ती हसते, मीही हसतो, आणि रविवारी आठ वाजता मी टायरमध्ये हवा भरतो. छाती दुखते, गुडघे दुखतात. वारा कुठूनही असला तरी आता तो माझ्या तोंडावरच येतो. पण ओदील त्यांच्यातच कुठेतरी आहे, आणि मी थांबलो तर वारा त्याला लागेल.